पालथा वाडगा

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. विमानात शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. त्याला मी जागं केलं आणि ताठ बसायला लावलं. पुढे तो झोपला नाही. मीही नाही.

चिरंजीवांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. स्वयंपाकघर एवढंसं की दोघींनी उभं राहायचं तर एकीनं श्वास रोखायचा. चिरंजीव छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करतात आणि नखांत शाई घेऊन घरी येतात. सूनबाई इथल्याच. दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. मला दारात पाहिल्यावर तिनं आधी माझे दात पाहिले, मग पाया पडली. मराठी नवऱ्याकडून शिकली, त्यामुळे बिनधास्त मी आलो, मी दमलो असं म्हणते. नवऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मी दुरुस्तीला घेतलं आहे.

आता मुद्द्याचं. फोनवर त्या माणसाचा विषय निघाला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. पत्र तू बाजूला ठेवशील, पण वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही.

मी इथे नुसती मुलाकडे आलेली नाही. गेल्या वर्षी चिरंजीवांनी लिहिलं होतं, छापखान्यामागच्या गल्लीत एक खानावळ आहे, तिथे आपली भाषा बोलणारा एक गृहस्थ वाढायला असतो, खानावळवालीचा नवरा. त्यानं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. चिरंजीव तेव्हा पाळण्यात होते, त्यांना काय कळणार. मला कळलं. ते आपले राजेश्री.

तुला आठवण करून द्यायला नको, पण मला लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही. तुझ्या लग्नानंतर बाबा पहिल्यांदाच तुझ्या घरी जेवायला आले होते. राजेश्रींनी पहिला घास घेतला, भाजी अळणी आहे म्हणाले आणि ताट उचलून भिंतीवर मारलं. सासऱ्यासमोर. बाबा उठले, हात धुतले आणि घरी आले. मग राजेश्री घरोघर सांगत सुटले की जिला भाजीत मीठ घालता येत नाही तिच्याशी संसार कसा करायचा. परदेशी निघून गेले, तिथून घटस्फोटाचे कागद पाठवले. आणि तू सगळ्या नात्यात 'अळणी' झालीस. लग्नाकार्यात अजून म्हणतात, हळू आवाजात. हळू म्हटलं की पाप लागत नाही असं त्यांना वाटतं.

आणि तेव्हापासून तू ओट्याशी उभी राहून पातेल्यातून खातेस. शिवणयंत्रात तेल घालावं तसं पोटात अन्न घालतेस. ताट घेऊन बसलेली मी तुला पाहिलेली नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. त्याच्या खानावळीत जायचं, ताट मागवायचं, एक घास घ्यायचा, आणि ते ताट त्याच्या भिंतीवर मारायचं. त्याच्या बायकोसमोर आणि त्याच्या सासऱ्यासमोर. सासरा दाराशीच खुर्ची टाकून बसतो, अशी माहिती काढली आहे. नेम धरायला म्हणून सूनबाईच्या न्हाणीघरात रिकामी थाळी फेकून पाहिली. ती धावत आली. हातातून निसटली म्हणून सांगितलं.

उत्तर लिही. न लिहिलंस तरी मी जाणारच.

तुझ्यावर माया आहे तशीच राहील, तुझ्या शत्रूंवर राग आहे तोही.
अक्का


ता. २२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिवणवर्गात आलं. मुलींसमोर उघडलं ही चूक झाली. न्हाणीघरातली थाळी वाचून मी इतकी हसले की सुई टोचली.

अक्का, हे काय खूळ घेतलंस? तुझा गुडघा दुखतो, चष्मा बदलायचा राहिलाय, आणि तू परक्या मुलखात ताटं फेकणार? पोलीस आले तर बिचारा भाचा शाईचे हात घेऊन तुला सोडवायला धावणार. तुझ्या नावानं भटारखान्यांचे मालक चळाचळा कापायचे, पण ते नगरपालिकेचं ओळखपत्र होतं म्हणून. तिथे तुला कोण ओळखतं?

मी त्या माणसाला केव्हाच विसरले. माझं उत्तम चाललंय. नव्या मुली आल्यात, एकीलाही सरळ शिवण येत नाही पण गप्पा सगळ्यांना येतात. उभ्यानं खाते त्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. एकटीसाठी ताट कोण मांडत बसतं? घासायला भांडं कमी पडतं, एवढंच.

तेव्हा काही करू नकोस. मुलाकडे गेली आहेस, चार दिवस सुखानं राहा. सुनेला छळू नकोस, मी आलो म्हणू दे तिला.

दूर असलीस तरी दटावत राहा, त्याशिवाय मला करमत नाही.
तुझी,
धाकटी

ता. क. तो जाड झालाय का? सहज विचारते. आणि केस?


ता. ६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जाड नाही, वाळला आहे. केस नाहीत. आता पुढचं वाच, आणि आधीच सांगते, रागावशील.

बुधवारी सूनबाईला अर्धा दिवस सुट्टी असते. जेवायला बाहेर जाऊ म्हटलं तर तिला इतका आनंद झाला की तिनं लाल कोट घातला. बिचारीला माझा बेत ठाऊक नव्हता.

खानावळ म्हणजे एकच लांबट खोली. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली लाकडी टेबलं. उभी हयात लोकांची स्वयंपाकघरं तपासली, त्यामुळे सवयीनं आधी पुसायच्या फडक्याचा वास घेतला. कोणत्याही खानावळीचं खरं चारित्र्य तिच्या फडक्यात असतं. वास नव्हता. टेबलाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, कोरडं निघालं. मोरीचं झाकण पाहिलं, पिठाच्या पिंपामागचा कोपरा पाहिला. काही सापडलं नाही. फार निराशा झाली.

दुपारी गल्लीतल्या दुकानांच्या फळ्या खाली आल्या आणि सगळी गल्ली आत येऊन बसली. चांभार, छापखान्यातली माणसं, बसचालक, बँकेतली एक टापटीप बाई, एक बोळकी म्हातारी. प्रत्येकापुढे रिकामा वाडगा. थट्टामस्करी चालली होती, पण चमच्याला कोणी हात लावत नव्हतं. मग खानावळवाली मोठं पातेलं घेऊन बाहेर आली. आडव्या हाडाची बाई, बाह्या कोपरावर. पातेलं मधल्या तिवईवर ठेवलं, हात पुसले आणि ती त्यांच्यातच एका बाकावर बसली. त्याच पातेल्यातलं थोडं आपल्या वाडग्यात घेतलं आणि डोळे मिटून खाल्लं. सगळी खोली तिच्या गळ्याकडे बघत होती.

तिनं मान हलवली. नाही म्हणून.

पातेलं परत आत गेलं. मला वाटलं, आता टेबलं बडवतील. उपाशी गिऱ्हाईक किती वाईट वागतं ते मी पाहिलं आहे. इथे कोणी हूं की चूं केलं नाही. बँकेतल्या बाईनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं. चांभार आणि बसचालक काय चुकलं असेल यावर वाद घालू लागले. सूनबाईनं कानात सांगितलं की चांभाराच्या मते कांदा घाईत परतला गेला. नात्यातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं ते त्या कांद्याबद्दल बोलत होते.

पातेलं पुन्हा आलं. बाईनं पुन्हा चव घेतली. या वेळी मान होकाराची हलली, आणि खोलीभर एक सुस्कारा ऐकू आला. साधी घेवड्याची उसळ होती, शेजारी पाव. पण जेवत होते कसे, ते तू पाहायला हवं होतंस. माना खाली घालून, वाडगा दोन्ही हातांत धरून. त्या म्हातारीला चावता येत नाही, तर खानावळवाली तिच्याशेजारी बसून चमच्याच्या पाठीनं एकेक दाणा चिरडून देत होती, आणि म्हातारी तिला ओरडत होती की हा नीट चिरडला नाही.

माझे डोळे भरले. कोणी विचारलं असतं तर कांद्यावर ढकललं असतं. कोणी विचारलं नाही. मी दुसऱ्यांचं अन्न पाहत आले ते माश्या, बुरशी आणि भेसळ शोधायला. अन्नाला असं कोणी मान देताना पाहिलं नव्हतं. आपल्या घरातसुद्धा नाही.

आणि नेमके तेव्हाच राजेश्री पावाची टोपली घेऊन बाहेर आले. मला ओळखलं नाही. नजर सतत वाडग्यांवर, कुणाचा रिकामा झाला ते बघायला. सासरा दारात, बायको समोर, भिंत पांढरीस्वच्छ. याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता. मी वाडगा उचलला.

हात उठला नाही. धाकटे, त्या वाडग्यात त्याचं काहीच नव्हतं. तो मी भिंतीवर मारला असता तर तो त्या बाईला लागला असता. म्हणजे पुन्हा एकदा एका रांधणारीलाच. त्याला काय, त्यानं भिंत पुसली असती.

मी जेवले. पावानं वाडगा पुसून जेवले. मला माझाच इतका राग आला की घरी येऊन सूनबाईची सगळी भांडी पुन्हा घासली.

पण बेत मोडलेला नाही, फक्त पुढे गेला आहे. येताना सूनबाईनं त्या खानावळीची एक रीत सांगितली. ज्यानं अन्नाचा अपमान केला त्याच्यापुढे खानावळवाली वाडगा पालथा ठेवते. त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर काय केलं ते सांगायचं. ज्या हातांनी ते अन्न रांधलं त्या हातांनी वाडगा सुलटा करेपर्यंत त्याला टेबलाशी बसायला मिळत नाही. तिच्या म्हाताऱ्या बापानं एकदा स्वतःच्या सख्ख्या भावापुढे ठेवला होता म्हणे. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे.

राग आला तर येऊ दे, पण लोभ सोडू नकोस.
अक्का


ता. १९ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जेवलीस? त्याच्या हातचा पाव घेऊन, वाडगा पुसून?

मी काही करू नकोस म्हटलं ते तुला थांबवायला नव्हतं. मी नको म्हणायचं आणि तू करायचं, हे आपलं लहानपणापासून ठरलेलं आहे. मास्तरांच्या सायकलची हवा सोडली तेव्हा तरी मी हो म्हटलं होतं का? आता या वयात तू माझं ऐकायला लागलीस!

परवा एका लग्नाला गेले. पंगतीत मामेवहिनींनी मला विचारलं की स्वयंपाकाला हात लावलास का गं. मी नाही म्हटलं. मग त्या शेजारणीला म्हणाल्या की चला, म्हणजे मिठाचं भांडं जवळ ठेवायला नको. सगळी पंगत हसली. हसणाऱ्यांत अशा मुली होत्या ज्या तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या. त्यांना हे कोणी शिकवलं? त्यानंच. तिकडे पावाच्या टोपल्या फिरवतोय आणि इकडे त्याचं बोलणं अजून माझ्या पाठीमागे हिंडतंय. मी तशीच उठून आले. घरी येऊन काय खाल्लं ते विचारू नकोस, आणि कसं खाल्लं तेही.

तुझे डोळे भरले ते भरू देत, मला त्याचं वाईट वाटत नाही. ती बाई चांगली असेल. पण त्या माणसाच्या घशाखाली घास उतरू नये असं काहीतरी मला हवं आहे. मी विसरले वगैरे मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. तुला ते कळलंच असेल.

ती वाडग्याची रीत काय आहे ती आणखी सविस्तर लिही. किंवा लिहू नकोस. कर.

माझ्यावरची माया हातून दाखव, नुसती पत्रातून नको.
धाकटी


ता. ८ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

केलं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सूनबाईला सगळं सांगितलं. ती जेवत होती, चमचा खाली ठेवला. मग म्हणाली की मी उद्या दातांना सुट्टी देतो. मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

दुपारचं आटोपल्यावर गेलो. राजेश्री बाजारात होते. खानावळवाली मागच्या अंगणात पातेलं खरवडत होती. मी सांगत गेले, सूनबाई तिच्या भाषेत सांगत गेली. मला वाटलं होतं की बाई रडेल, किंवा मला हाकलून देईल. तिनं खरवडणं थांबवलं आणि एकच विचारलं, जिनं रांधलं होतं ती तोपर्यंत जेवली होती का. धाकटे, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ठाऊक नाही म्हणाले. बाईनं मान डोलावली आणि पुन्हा खरवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी पातेलं आलं, तिनं चव घेतली, मान हलली, सगळ्यांना वाढून झालं. राजेश्री शेवटी बसतात, दाराजवळच्या टोकाला. ते बसले. बाई हातात वाडगा घेऊन गेली आणि त्यांच्यापुढे पालथा ठेवला. आवाज फारसा झाला नाही, पण सगळे चमचे थांबले. चांभाराच्या तोंडात घास होता, तो त्यानं चावलासुद्धा नाही.

राजेश्री आधी हसले. काहीतरी चूक होतेय असं म्हणाले. मग बाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभी राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मग मला ओळखलं. चेहरा असा उतरला की नगरपालिकेच्या नोकरीत इतका चांगला उतरलेला चेहरा मी पाहिला नाही.

सांगावं लागलं त्याला. इथल्या भाषेत, उभं राहून. सूनबाई माझ्या कानात शब्दन् शब्द सांगत होती. बायको होती, तिनं रांधलं होतं, सासरा जेवायला आला होता, मी ताट भिंतीवर मारलं. ते ऐकून दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर टेकली आणि तोंड गल्लीकडे फिरवलं.

मग बाईनं विचारलं, ताटात काय होतं.

त्याला आठवेना. भात होता म्हणाला, भाजी होती. कसली भाजी? त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून! मी भिंतीकडे पाहिलं. ताट फेकलं हे त्या लोकांनी कदाचित पचवलं असतं. माणूस संतापतो. पण काय फेकलं हेही ठाऊक नाही म्हटल्यावर खोलीत एक थंडी पसरली. बँकेतली बाई त्याच्या बाकावर बसली होती, ती उठून दुसऱ्या बाकावर गेली. त्या म्हातारीनं काहीतरी म्हटलं. मी विचारलं तर सूनबाई म्हणाली की याचं मराठी मला येत नाही, आणि आलं तरी मी तुम्हाला सांगणार नाही.

त्याला उपाशी ठेवलेलं नाही. तिथे कोणालाच उपाशी ठेवत नाहीत. घरातून काढलेलं नाही, कामावरून काढलेलं नाही. सगळ्यांना वाढतो, आणि मग मागच्या दाराशी, केरसुण्या आणि बादल्या ठेवतात तिथे, वाडगा हातात घेऊन खातो.

उभ्यानं खातो, धाकटे.

मी रोज जाते पाहायला. चिरंजीवांना वाटतं आईला इथलं जेवण मानवलं.

आता काम तुझ्याकडे आहे. बाई विचारते आहे, त्या ताटात काय होतं आणि कसं केलं होतं. ती ते रांधणार आहे. आणि वाडगा सुलटा करायचा तो तुझ्याच हातानं, किंवा तुझ्या शब्दानं. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही. तिलाही नाही.

घाई करू नकोस. तो कुठे जात नाही.
अक्का


ता. २५ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

लाल भोपळ्याची भाजी होती. डाळ, भात, कांद्याच्या चकत्या, लिंबाची फोड. त्याला विसरता आलं, मला नाही.

भोपळा सालीसकट, मोठ्या फोडी. तेल तापल्यावर फोडी घालायच्या, वर ताटली, ताटलीवर पाणी. ढवळायचं नाही, ढवळलं की फोडी मोडतात. पातेलं धरून हिसडायचं. भाजीत मीठ घालायचं नाही.

विसरायचं नाही असं लिहिलेलं नाही, अक्का. घालायचं नाही असंच लिहिलं आहे. बाबांना तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. ते पहिल्यांदा माझ्या घरी जेवणार, आणि त्यांच्यापुढे वेगळं पथ्याचं भांडं ठेवायचं मला जिवावर आलं. म्हणून सगळ्यांनाच एक भाजी केली, बिनमिठाची, आणि मीठ ताटात वाढलं. वरच्या बाजूला, लिंबाशेजारी, जिथे वाढतात तिथे. त्याच्या ताटात जरा जास्तच वाढलं होतं. त्यानं खाली पाहिलं नाही. मीठ त्याच्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हतं.

बाबांना ते दिसलं होतं. आपल्या पथ्यापायी मुलीचं घर मोडलं असं त्यांनी मनाला लावून घेतलं. मी खरं बोलले असते तर प्रत्येक वेळी त्यांनाच टोचलं असतं, म्हणून बोलले नाही. आणि नंतर कोणी विचारलंच नाही. मीठ कसं विसरलीस असं सगळ्यांनी विचारलं. विसरलीस का, असं कोणीच नाही.

त्या बाईला सांग, मी जेवले नव्हते. बाबा गेले, तो गेला, मी भिंत पुसली. मग पातेल्यातले चार घास ओट्याशी उभ्यानंच खाल्ले, कारण आता बसले तर पुन्हा उठणार नाही असं वाटलं. ती सवय तेव्हाची. तू विचारत नव्हतीस, पण ओळखून होतीस.

वाडग्याचं नंतर बघू. आधी तिला रांधू दे.

तुझा हात पाठीवर आहे म्हणून हे लिहिता आलं.
धाकटी


ता. १६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सूनबाईनं खानावळवालीला वाचून दाखवलं. बाईनं भोपळे स्वतः निवडले. बोटांनी वाजवून पाहत होती, भाजीवाला कंटाळला.

पहिल्या वेळी पातेलं बाहेर आलं, तिनं चव घेतली आणि मान नाही म्हणून हलवली. फोडी मोडल्या होत्या. ढवळली असणार. सगळे थांबले. मीही थांबले, आणि त्या बँकवालीसारखं घड्याळ काढून ठेवलं. दुसऱ्या वेळी तिनं घास तोंडात बराच वेळ धरला. मग मान डोलावली.

त्या दिवशी वाडगे नव्हते, ताटं मांडली होती. प्रत्येक ताटात तू लिहिलंस त्या जागी मीठ. पहिला घास घेताच सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सूनबाईनं उठून सांगितलं, एका वडिलांना मीठ बंद होतं, आणि लेकीला त्यांना एकटं पाडायचं नव्हतं. मग त्या लोकांनी बोटांनी मीठ घेतलं, ज्याला हवं तेवढं. चांभारानं भरपूर. म्हातारीनं अजिबात नाही, तिलाही बंद आहे. तिनं ताट स्वच्छ केलं आणि पुन्हा मागितलं. म्हणाली, किती दिवसांनी सगळ्यांचं तेच माझ्या ताटात आलं. माझं कांद्यावर ढकलणं या वेळी कोणी मानलं नसतं.

मग बाईनं राजेश्रींना मधे बोलावलं. त्यांच्या हातात तसंच वाढलेलं ताट दिलं आणि विचारलं, मीठ कुठे आहे.

त्यानं ताटाकडे पाहिलं. मला वाटतं, तुझ्या हातचं ते ताट त्यानं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. बोट पुढे केलं. इथे, म्हणाला. बाईनं पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाला, इथे. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, त्याच्यासाठी तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणावं लागलं.

सगळे परत जेवायला लागले. तो ताट घेऊन मागच्या दाराशी गेला. मी हॉटेलांना कुलुपं लावली आहेत, मालकांना रडवलं आहे, पण इतकं समाधान मला कधी मिळालं नव्हतं. मामेवहिनींना मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात मिठाची सगळी हकीकत आहे, आणि एकेक प्रत मी त्या लग्नाच्या पंगतीतल्या बाकीच्यांनाही पाठवली आहे.

मी पुढच्या आठवड्यात निघते. खानावळवालीनं निघण्याआधी विचारायला सांगितलं आहे, वाडगा सुलटा करायचा का. तुझं उत्तर सूनबाईच्या पत्त्यावर पाठव. ती म्हणते, ती स्वतः जाऊन सांगेल. मी सांगतो, असं म्हणते. आता मला तेच बरं वाटायला लागलं आहे.

तुझ्या शब्दाची वाट बघते.
अक्का


ता. २८ जून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

अक्का एव्हाना निघाली असेल, म्हणून तुलाच लिहिते. तुला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

अक्काचं पत्र मी बसून वाचलं. मग भोपळा आणला. ताटं माळ्यावर होती, एक काढून घासलं. भाजी केली, बिनमिठाची. मीठ ताटात वाढून घेतलं आणि जेवायला बसले. पोटभर जेवले, आणि जेवण झाल्यावर उठता आलं.

त्या बाईला माझा नमस्कार सांग. म्हणावं, फोडी मोडल्या म्हणून तू पातेलं परत नेलंस, तेव्हाच माझं निम्मं भरून पावलं. तिनं कधी इकडे यावं, मी रांधीन आणि पहिला घास तिनं घ्यावा.

वाडगा तसाच राहू दे.

तुझ्या मराठीत काही बदलू नकोस, आणि मला अशीच आपली मानत जा.
तुझी मावससासू

ता. क. रोज उभ्यानं खाल्लं की पाठ भरून येते. त्याला सांग, भिंतीला टेकून उभं राहावं.